मागच्या ॲक्सलचा वाद

जेवण झाल्यावर वैजू लोहार गॅरेजातल्या लोखंडी खाटेवर जरा टेकते. वर पत्रा तापून कडकड वाजतो आहे. उशाशी दोन कागद आहेत. एकावर मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारे दोन तऱ्हेचे लॉकर, दुसऱ्यावर दोन तऱ्हेचे मागचे ॲक्सल, एक बारका, एक मोठा. इचलकरंजीच्या मिस्त्रीला चार वाजेपर्यंत काय ते कळवायचं आहे. तीन आठवडे झाले, जीप ठोकळ्यांवर उभी आहे, मागची चाकं काढलेली, आणि वरच्या धनगरवाड्यावरचा पेशंट खाली आणायला दुसरी गाडी नाही. वैजू पुन्हा पहिला कागद वाचायला घेते. अक्षरं एकमेकांत शिरतात. पत्र्याचा आवाज लांब लांब जातो.

"सरक जरा."

पायथ्याशी आबा बसलेत. तिचे वडील, धोंडीराम मिस्त्री. दोन वर्षांपूर्वी गेले. तीच खाकी विजार, कानावर तीच आखूड पेन्सिल. वैजूला नवल वाटत नाही. राग तेवढा येतो.

"बरं झालं आलात. कुठला लॉकर घेऊ ते सांगा."

"च्या न्हाई का?"

"आबा!"

"आगं, नुसतं विचारलं."

ती उठून बसते तर ते दोघं स्पेअरपार्टच्या दुकानात उभे आहेत. फळ्या वर इतक्या उंच गेल्यात की छत दिसत नाही. दोरीवर ॲक्सल वाळत घातलेत, आणि त्यांतून थेंब थेंब पाणी गळतं आहे. आबा माठ घ्यायला आल्यासारखे एकेकावर बोटाचं पेर वाजवून बघतात.

"एक आपोआप लागतो," वैजू समजावते. "एक चाक चिखलात फिरायला लागलं की दोन्ही चाकं सांधतो. बटण नाही, नळी नाही. हाच घेते."

"घाटात वळताना दोनी चाकं सारखीच फिरली तर? पावसात?"

"तर मागचा भाग सरकेल. मग बटणाचा घेते, हवेवर चालणारा."

"हवेची नळी तुटली तर?"

"मग काय घेऊ?"

"मला काय विचारतीस? गाडी तुझी."

वैजू कपाळावर हात मारून घेते. हयातभर हेच. दहावीनंतर काय करू म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं होतं, त्या नटाला पाना कितीचा लागतो. तिनं चिडून बरोबर नंबर सांगितला आणि ती गॅरेजात राहिली ती राहिलीच.

"जिवंत होतात तेव्हाही सरळ बोलला नाहीत. आता तरी बोला!"

दुकानाचा काउंटर हाताला ओला लागतो. पाणी घोट्यापर्यंत आलं आहे. ओढा. मध्ये जीप तिरकी उभी, आणि मागचं डावं चाक गरगर फिरतं आहे, अजिबात आवाज न करता. उजवं ढिम्म. हा दिवस वैजूला पाठ आहे. आबांच्या छातीत कळ आली होती, ती गाडी हाणत निघाली होती, आणि इथंच चाक रुतलं. सगळा जोर त्या फिरणाऱ्या चाकात वाया जात राहिला. शेतातली माणसं ढकलायला येईतो पाऊण तास गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नुसती नळी लावली आणि काढून घेतली.

आबा जीपखाली शिरलेत. पाण्यात त्यांची पावलं तेवढी दिसतात.

"बॅटरीचा उजेड नीट धर."

तिच्या हातात बॅटरी आहे. ती धरते.

"ऐकताय का? लॉकर असता तर दोन मिनिटांत निघालो असतो."

"निघालो असतो. मग?"

"मग तुम्ही..."

"मी वरच्या वळणावरच गेलो हुतो, वैजे. त्या आंब्यापाशी. तू गेर बदलत हुतीस, तवाच. वढ्यात चाक फिराय लागलं तवा मी गाडीत नव्हतो."

पाणी वाहायचं थांबतं.

"हे आत्ता सांगताय?" वैजू ओरडते. "दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या चाकाला शिव्या घालतेय, आबा!"

"विचारलंस कवा? तुझं आपलं लॉकर, लॉकर."

ती बॅटरी फेकून देते. बॅटरी पाण्यावर तरंगत, पेटलेली, संथ निघून जाते. वैजू रडते, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडते. आबा खालून बाहेर येत नाहीत. वाट बघतात.

"ॲक्सलचं विचार," शेवटी ते म्हणतात.

"कुठला ॲक्सल?" ती नाक पुसत गुरगुरते.

"मोठा. अडकलेली गाडी चार माणसं ढकलत्यात. पण आपल्या ह्या बारक्या ॲक्सलचा आतला दांडा, शाफ्ट, तुटला की चाक घिऊनच भायेर येतोय. घाटात, आत बाळंतीण असताना. मोठ्यात शाफ्ट तुटला तरी चाक जाग्यावर ऱ्हातंय. आणि लॉकर लावला की सगळा जोर एकाच शाफ्टावर येऊ शकतोय. बारक्यावर बसवलास तर तूच तोडशील."

"आणि लॉकर?"

"बटणाचा. लागंल तवाच लावायचा. नळी तुटली तर बांध. हात हाईत न्हवं?"

"एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंत?"

ते जीपखालून तिचं मनगट धरतात आणि हात ॲक्सलच्या पोटात ढकलतात. आत गार आहे, मग कोमट.

"गेरचं दात मोज."

"कशाला?"

"मोज म्हणतोय न्हवं!"

ती मोजते. सात, आठ. नऊ. पत्रा कडकड वाजतो.

चारला वीस मिनिटं कमी आहेत. वैजू तशीच पडल्या पडल्या डाव्या हातानं फोन लावते.

"मोठा ॲक्सल पाठवा. बटणाचा लॉकर."

"नक्की? सकाळी तर उलटं म्हणत होतीस."

"नक्की."

फोन ठेवताना तिला वास येतो. नासक्या अंड्यासारखा, गिअर तेलाचा. जेवणाआधी तिनं आंघोळ केली आहे, धुतलेला ड्रेस घातला आहे, ह्याच हातानं भाकरी खाल्ली आहे. आणि उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत काळ्या तेलात माखला आहे. खाटेच्या पट्टीवरून थेंब खाली पडतो.

वैजू डाव्या हातानं धुतलेल्या ड्रेसची काळी झालेली बाही चिमटीत धरते.

"आबा," ती चिडून म्हणते, "बाही तरी वर करू द्यायची होती."