आई, तुम्ही जरा बाहेर बसा

रंगमंचावर आमची कुजबूजसुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जावी लागे. आमच्या डॉक्टरांकडच्या सिस्टरची कुजबूज मात्र समोरच्याच्या कानापुढे जात नसे. मी तिला म्हणायचे, "नाटकात आली असतीस तर उपाशी मेली असतीस गं!" ती हसायची आणि तेवढ्यात माझ्या दंडात सुई टोचून मोकळी व्हायची.

तिची एक रीत होती. पोर वयात आलेलं दिसलं की ती आधी आईला उठवायची.

"आई, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का म्हणून? मी जन्म दिलाय तिला!"

"दमला असाल हो. घ्या पाच मिनिटं विश्रांती."

बाकावर खसखस पिकायची. आई फणफणत बाहेर आणि दार बंद.

एकदा दहावीतल्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. म्हणे पित्त होतंय. दार लागलं. आत मुलगी काय बोलली, ते सिस्टरने मला आजवर सांगितलेलं नाही. मला ते कळलं तिच्या बापाच्या तोंडून, तेही अख्ख्या गल्लीबरोबर.

"माझी चप्पल जिन्यात वाजली की धडधडतं काय तुला? परक्यांपुढे बापाची अब्रू काढतेस?"

झालं होतं असं की, बापही त्याच डॉक्टरांचा पेशंट. त्याचं ब्लडप्रेशर मोजता मोजता डॉक्टर अगदी मायेने म्हणाले होते, "घरात आवाज जरा कमी करा. पोरगी घाबरते तुम्हाला."

हे कळताच सिस्टर तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली. त्या दिवशी तिचा आवाज आम्हा बाकावरच्या सगळ्यांना ऐकू आला.

"इथलं बाहेर जाणार नाही, असं मी तिला तुमच्यासमोर सांगितलं होतं, डॉक्टर."

"अहो, बाहेर कुठे गेलं? बापच तो! भल्यासाठीच बोललो मी."

"तिला विचारलंत?"

डॉक्टर चष्मा पुसत बसले. माणूस वाईट नाही हो. म्हणूनच जास्त लागलं.

त्यानंतर मुलगी दवाखान्याकडे फिरकेना. सिस्टर समोरून येताना दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. धडधड काही थांबली नव्हती. वर्गात एकदा चक्कर येऊन पडली. शेवटी सिस्टरने तिच्या आईला विनवून पोरीला आपल्यासोबत न्यायची परवानगी मिळवली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. सोबत मलाही ओढलं. "तुम्ही असलात की पोर हसेल तरी." रिक्षात मी जुन्या नाटकांतल्या कजाग सासवांच्या नकला केल्या. पोरगी खरंच हसली. मला वाटलं, जिंकलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. मुलीला समोर बसवून म्हणाल्या, "या दोघी बाहेर थांबतील. तू जे सांगशील ते फक्त तुझ्यामाझ्यात."

मी बाहेर आले होते. सिस्टर अजून दारातच होती. मुलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, आपण एकदा फसलो ते घर ओळखावं, तसं.

मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"काही नाही," ती म्हणाली. "पित्त होतंय."