खाडीतला की खाजणातला

“‘खा.’ म्हणजे खाडीच ना गं?” वसुधाने पाकीट खिडकीसमोर धरून विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाण्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघी प्राणिशास्त्र शिकवायचो. खाडीतले मासे काय खातात, कुठून कुठे जातात, हे शोधायचा प्रोजेक्ट विभागप्रमुख सरांनी वसुधाला दिला. मी सीनियर. मला मासे गोळा करायचं काम. स्टाफरूममध्ये तिचं कौतुक सुरू झालं की मी उगाच वह्या तपासायला घ्यायचे.

पद्धत अशी. कार्बन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. त्यांना आयसोटोप म्हणतात. भातासारख्या जमिनीवरच्या पिकात आणि नदीच्या पाण्यातल्या वनस्पतींत जड कार्बन कमी असतो, समुद्राच्या पाण्यातल्या वनस्पतींत थोडा जास्त. माशाच्या खाण्यातलं हे प्रमाण त्याच्या मांसात उतरतं आणि काही महिने टिकतं. मांस वाळवून, पूड करून लॅबला पाठवलं की मासा कुठे जेवला ते कळतं.

मासे बाळकुमच्या हिराबाई कोळणीकडून यायचे. एकदा तीन जिताडे देताना तिने बजावलं होतं, हे खाजणातले. खाजण म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन. भरतीबरोबर आत आलेली पिल्लं तिथल्या भातात, तळ्यात वाढतात. मी घाईत सगळ्याच पाकिटांवर ‘खा.’ लिहिलं. तेवढी मात्र खरंच चूक होती.

रिपोर्ट आला. नेमका त्या तिघांचा कार्बन हलका.

“अगं, हे नदीतून आलेत! आंबिवलीकडून खाली उतरलेत!” वसुधाला खुर्चीत बसवेना.

सर म्हणाले, “सेमिनारमध्ये वाचा. मोठी गोष्ट आहे.”

तेव्हा तिने मला तो प्रश्न विचारला. एका शब्दाची दुरुस्ती होती. मी केली नाही. सगळ्यांसमोर तिचं हसं झालेलं मला बघायचं होतं.

सेमिनारच्या आधी ती आणखी जिताडे आणायला बाळकुमला गेली. हिराबाई तिला म्हणाली, “तुज्या त्या चष्मेवाल्या बाईला सांगलेलं ना मी, ते तीन खाजनातले हायत! इसरली काय?”

हे मला हिराबाईनेच नंतर सांगितलं. वसुधाने नाही. ती सरांकडे गेली तेव्हा मी तिथेच उभी होते.

“सर, लेबल मी चुकीचं वाचलं. पेपर मागे घेते.”

“लेबल वाचता येत नाही, आणि निघालात माशांचा प्रवास सांगायला?”

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मला तिचा जितका हेवा वाटला, तितका प्रोजेक्टसाठीही वाटला नव्हता.

गेल्या वर्षी वसुधा गेली. तिच्या यजमानांनी जुन्या सॅम्पलचा बिस्किटांचा डबा मला आणून दिला. “तुमचं दोघींचं काम,” म्हणाले. वरच्या तीन पाकिटांवर माझं ‘खा.’ तसंच होतं. पुढे तिच्या बारीक अक्षरात ‘जण’ जोडलेलं.

लेबलवर शब्द पूर्ण लिहावा. आणि कुणी विचारलं, तर पूर्ण सांगावा.