आभाराच्या ठरावातला रस्ता

पाच वर्षांत सरपंच रतनबाईनं एकच सही न वाचता केली, ती पहिल्या महिन्यात. तेव्हा तिला नावापुरतीच अक्षरं येत होती. ती राहते त्या वरच्या वाडीची विहीर साफ झाली, असं इतिवृत्तात लिहिलेलं होतं. पुढं उन्हाळाभर वाडीनं गाळाचं पाणी प्यालं. तिनं पुन्हा काम मागितलं, तर उत्तर आलं, काम पूर्ण आहे आणि खाली सही तुमचीच आहे. त्या पावसाळ्यात ती सुनेकडून वाचायला शिकली. दिवसभर भात लावायचा आणि घरी आल्यावर ताठलेली पाठ भिंतीला टेकून एकेक ओळ जुळवायची.

आज तिची शेवटची सभा होती. नवातले सहा सदस्य आले होते. शेजारच्या खोलीत जेवण तयार होतं. उपसरपंच कैलासनं तिच्या आभाराचा ठराव मांडला. ग्रामसेवक निलेशनं तो सकाळीच लिहून ठेवला होता. आता अध्यक्षाची सही झाली की पानं वाढायची.

रतनबाई बोट ठेवून वाचू लागली. कोणी घड्याळ बघितलं, कोणी जांभई दिली. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हे तिनं तसंच सोडलं. पुढच्या ओळीवर बोट थांबलं. वरच्या वाडीचा रस्ता तिच्या कारकिर्दीत पूर्ण झाला, असं होतं.

"भाऊसाहेब, रस्ता कुटं पुरा झालाय?" तिनं निलेशला विचारलं.

"मावशी, कौतुकाचा ठराव हाय," कैलास म्हणाला. "त्यात बी खडे निवडता व्हय?"

रस्ता कैलासच्या बांधापाशी थांबला होता. बांधाची दहा फूट जमीन द्यायला तो दोन वर्षं आज-उद्या करत होता. तिथून वर तीनशे चाळीस पावलं नुसता दगडधोंडा. तिनं सकाळीच मोजली होती.

"पुरा लिवलं तर पुढचा सरपंच काय मागंल? तीनशे चाळीस पावलं ऱ्हायली, तसं लिवा."

निलेशनं कैलासकडं पाहिलं. कैलास म्हणाला, मग माझी सूचना मागं घेतो. सूचकच नाही तर आभाराचा ठराव उरत नाही, असं निलेशनं हळूच सांगितलं.

"नसू द्या. रस्त्याचं तेवढं लिवा."

मग पाच वर्षं गप्प बसलेली सदस्य सरूबाई म्हणाली, "सूचक म्हनून माझं नाव घाला." जेवण निवत होतं, म्हणून दुसरा सदस्य अमृतनं अनुमोदन दिलं.

निलेशनं पान पुन्हा लिहिलं. रतनबाईनं ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं आणि सही केली. आणलेली शाल परत कशी न्यायची, म्हणून ती कैलासनंच तिच्या खांद्यावर टाकली.

संध्याकाळी, कामशेतच्या बाजारातून आणलेल्या तांदळाच्या पोत्यासकट रिक्षानं तिला बांधापाशी उतरवलं. तिनं शालीची चुंबळ केली, पोतं डोक्यावर घेतलं आणि चढायला लागली.