टाळूवरचा तीळ

डॉ. विश्वनाथअप्पांची आणि माझी पहिली भेट पालमला, त्यांच्या दवाखान्यात झाली. मी नुकताच पदवी घेऊन आलो होतो. काम शिकायचे आहे, एवढेच म्हणालो. अप्पांनी बाजूची खुर्ची दाखवली. "बस. आज नुसतं बघ. औषध लिहायची घाई करू नको." त्या खुर्चीवर मी सहा वर्षे बसलो आणि मग मानवतला स्वतःचा दवाखाना काढला.

अप्पांची तपासणी सावकाश चाले. एकदा खोकल्यासाठी आलेल्या एका बाईंना त्यांनी चपला काढायला लावल्या. तळपायाला चिघळलेली जखम निघाली. घरात कुणालाच त्यांनी ती दाखवली नव्हती. साखरेची बिमारी त्या जखमेवरून कळली. बाई गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "माणूस दुखतंय तेवढंच सांगतो. बाकीचं आपण बघायचं असतं."

हे त्यांच्याकडून शिकलेल्या माणसाने पुढे काय केले, ते लिहिल्याशिवाय अप्पांच्या गौरवग्रंथासाठीचा हा लेख खरा होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी अप्पा एका लग्नासाठी मानवतला आले होते. वाटेत माझ्याकडे डोकावले. टोपी काढून म्हणाले, "टाळूवर काय हाय बघ रे. न्हावी म्हणायलाय, तीळ वाढलाय." बाहेर रोग्यांची रांग होती. मी उभ्या उभ्या पाहिले आणि म्हणालो, "वयाचा डाग आहे, अप्पा." त्यांनी टोपी घातली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या कानापुढे गाठ आली. लाळग्रंथीची सूज समजून मी दहा दिवस गोळ्या दिल्या. गाठ उतरली नाही. नांदेडला सुईची तपासणी झाली. तो तीळ म्हणजे मेलानोमा होता, त्वचेचा काळा कर्करोग, आणि तो लाळग्रंथीपर्यंत पसरला होता. अहवाल अप्पांनी स्वतः वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"अप्पा, तुम्ही मला दाखवला होता," मी म्हणालो.

"दाखवला होता. मग मी तरी दुसऱ्याला कुठं दाखवला? जलमभर लोकाला काय सांगत आलो मी?"

एवढेच. त्यानंतर आजतागायत त्यांनी तो विषय काढलेला नाही. त्याने माझी सुटका होत नाही.

शस्त्रक्रियेत ग्रंथी काढली. तिच्यातून जाणारी चेहऱ्याची नसही वाचली नाही. उजवा डोळा मिटेना, पाणी पिताना ओठ बोटाने दाबून धरावा लागे. तरी महिन्याभरात अप्पा दवाखान्यात येऊन बसले, हातात रुमाल घेऊन. बोरीहून आलेल्या एका जुन्या रोगी आजींनी विचारले, "अप्पा, अंगावरून वारं गेलं का हो?"

"न्हाई, माय. डोक्यात काळा तीळ होता, वेळेवर काढला न्हाई. तुमच्या अंगावर कुठं हाय का असा, वाढणारा?"

आणि ते आजींचे हात, पाय, मान बघू लागले. मी तिथेच होतो. मला बाहेर जाऊन उभे राहावे लागले.

आता फुप्फुसांतही गाठी आहेत. सलाइनमधून दिलेल्या नव्या औषधाचा गुण आला नाही. अप्पा दवाखान्यात जात नाहीत. सकाळी अंथरुणात बसूनच इष्टलिंगाची पूजा करतात, तेवढ्यानेही धाप लागते. पंचाहत्तरीचा सोहळा दिवाळीनंतर ठरला होता. गौरव समितीने तो या महिनाअखेरीस आणला. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलून कुणी दाखवत नाही.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. मला ते लिहवेना. परवा पालमला गेलो, इथवरचा लेख त्यांना वाचून दाखवला आणि विचारले, "अप्पा, शेवटी काय लिहू?"

अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, आत चहा करत होत्या. त्यांना वाचता येत नाही. घरी आलेले प्रत्येक पत्र अप्पाच त्यांना वाचून दाखवत आले आहेत. अप्पांनी ओठ बोटाने सावरला.

"लोक लिहितेत तसंच लिही. पुस्तक आलं की तुझ्या काकूला वाचून दाखवायचंय. बाकीचं तिला ठावं हाय. शेवट तेवढा चांगला असू दे."

म्हणून लिहितो. अप्पांना अजून पुष्कळ वर्षे मिळोत, ती सगळी निरोगी जावोत, आणि काकूंना त्यांची सोबत लाभत राहो.