चाळीस दिवस मागे

हिराताईंच्या उजव्या हाताची तर्जनी कायम काळी असायची. सुकापूरच्या मैदानावर मी कबड्डी शिकायला गेले त्या पहिल्या सकाळी बाई कडेच्या दगडावर बसून मशेरी लावत होत्या. तंबाखू तव्यावर करपवून केलेली ती काळी पूड बोटावर घ्यायची आणि दात-हिरड्यांवरून सावकाश फिरवत राहायचं, असा कार्यक्रम चांगला दहा मिनिटं चालला. मी आपली समोर ताटकळत उभी. शेवटी त्यांनी चूळ भरली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बिल्डिंगमधली काय गो तू? पाय बरे हायत. उद्यापासून ये."

हिराताई एके काळी राज्याच्या संघातून खेळलेल्या. आता पहाटे तांदळाच्या भाकऱ्या करून खानावळींना पोचवायच्या आणि साडेसहाला मैदानावर हजर. साडी खोचलेली, गळ्यात शिट्टी, कमरेला मशेरीची डबी. "तोंड मोकला ठेवा गो, दम तोंडातूनच जातो," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते त्या तोंडात बोट घालून सांगायच्या. त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. त्यांच्या आळीत व्यसन म्हणजे दारू, आणि ते पुरुषांचं. मशेरी भाजण्याचा मान हिराताईंचा. त्या भाजायच्या आणि पाच घरी वाटायच्या. समोरच्या बाईने डबी पुढे केली की नको म्हणायचं नाही, अशी रीतच होती. एकदा मीही चोरून लावून पाहिली. डोकं असं गरगरलं की घरी जाऊन दुपारपर्यंत पडून राहिले, आणि आईला सांगितलं ऊन लागलं.

आमच्या संघाचा खरा आधार वनिता. हिराताईंच्याच आळीतली, एकोणीस वर्षांची, चढाईला गेली की समोरच्या सात जणी मागे सरकायच्या. त्या वर्षी करंजाड्याच्या स्पर्धेत उपांत्य सामना बरोबरीत होता आणि शेवटची चढाई वनिताची. तिने एकीला स्पर्श केला, परत वळली, मध्यरेषा दोन पावलांवर आली. आणि "कबड्डी कबड्डी" म्हणता म्हणता तोंडात साठलेली लाळ तिने गिळली. आवाज तुटला. दम सुटला म्हणून पंचांनी शिट्टी मारली आणि आम्ही एका गुणाने हरलो.

इतकी लाळ कशाने सुटते हे हिराताईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिथेच तिची पिशवी उपडी केली. टॉवेलमधून मशेरीची डबी पडली. ताई भयंकर संतापल्या. "खेळणारी पोर तू. कुठनं लागला ह्यो नाद?"

वनिता जराही चिडली नाही. खाली बघत म्हणाली, "ताई, दोन वर्सांमागं माजी दाढ दुखत होती. तवा तुमीच लावलीत. दाढ काढून टाकली, ही रायली."

हिराताईंचा हात आपल्या कमरेच्या डबीवर गेला. दाढदुखीवर मशेरी हा त्यांच्या घरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. त्यांनी तो मायेनेच केला होता. परतताना रिक्षात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा एवढा पडलेला चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी त्या मैदानावर आल्या तेव्हा कमरेला डबी नव्हती. तर्जनीवर लाल रिबीन गुंडाळलेली. वनिताला समोर उभी करून म्हणाल्या, "तू सोड. मी पन सोडतंय. बोट तोंडाकडं गेला का मना सांग. आज पयला दिवस."

मग जे सुरू झालं ते सोपं नव्हतं. वनिता कुणावरही खेकसायची. ताईंचं पोट आठवडाभर साफ झालं नाही, आणि ही बातमी त्यांनी कसलीही भीडभाड न ठेवता अख्ख्या संघाला रोज दिली. बोट सवयीने वर जायचं, रिबीन ओठाला लागायची, आणि बाई ते शिट्टीकडे वळवून अशी सणसणीत शिट्टी मारायच्या की आम्ही विनाकारण धावत सुटायचो. रोज सकाळी दोघी समोरासमोर उभ्या राहून दिवस सांगायच्या. दहावा. विसावा. एकोणचाळिसावा.

चाळिसाव्या दिवशी रोडपालीला हळद होती. बायकांचा गराडा, गाणी, आणि एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी डबी पुढे केली. ताईंना रीत मोडवेना.

सकाळी मैदानावर वनिता म्हणाली, "एकेचाळिसावा." आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. पण बारा मुलींसमोर ताई म्हणाल्या, "काल मी घेतली. माजा आज पयला." आणि साडी खोचून एकट्याच मैदानाला फेऱ्या मारू लागल्या. दुसऱ्या फेरीला वनिता त्यांच्या शेजारी धावत होती. शिक्षकाचा मान वाढताना मी त्या दिवशी पाहिला.

पुढच्या वर्षी त्याच करंजाड्यात अंतिम सामना. पुन्हा बरोबरी, पुन्हा शेवटची चढाई वनिताची. तिने कोपऱ्यातलीला स्पर्श केला तशी दोघींनी तिची कंबर धरली. ती पडली, सरपटू लागली, पण तोंडातलं "कबड्डी कबड्डी" शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू येत होतं. मी बाजूला पाहिलं. हिराताई छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, तिच्याबरोबर एका दमात तेच म्हणत होत्या. वनिताची बोटं रेषेवर टेकली आणि आम्ही जिंकलो. मैदानात शिरून आम्ही अक्षरशः रडलो.

करंडक देताना ताईंच्या हातात माईक आला. आयुष्यात भाषण केलेलं नाही. घसा खाकरून त्या म्हणाल्या, "वनिताचा आज तीनशे बारावा दिवस. माजा दोनशे बहात्तरावा." मंडपात कुणाला काही कळलं नाही. आम्ही बाराजणींनी मात्र टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. वनिता आता लहान मुलींना शिकवते, ताई दगडावर बसून शिट्टी मारतात. आळीत आता मशेरी कुणी भाजत नाही. तो तवा ताईंनी कधीच मोडीत दिला. माहेरून सवय घेऊन आलेली शेजारची एक नवी सून समोर उभी होती, पदराआड अर्धवट लपवलेला हात, तर्जनी काळी. म्हणाली, "तुमाला जमला ताई, तुमी मोठ्या खेलाडू. आमाला नाय जमनार."

"मोठी ती," हिराताईंनी वनिताकडे बोट दाखवलं. बोट स्वच्छ होतं. "इतकी वर्सा झाली, मी अजून तिच्या चाळीस दिवस मागं हाय. कवा गाठनार पन नाय. तू माज्या मागं ये."