आढीतला आंबा

पेंढ्याच्या आढीत पिकत घातलेल्या आंब्यांचा वास आला की मला बाबांच्या कमरेखालचा तो लाल डाग आठवतो.

आंब्याच्या कलमावरून पडून बाबांचे पाय गेले होते. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखम होईल, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पण त्या दुपारी त्यांना गाढ झोप लागली आणि आईला त्यांना उठववेना. संध्याकाळी डाग दिसला. मी आईवर ओरडलो. ती रडायला लागली.

बाबाच म्हणाले, "रडतंस कित्याक गो? आढीतलो आंबो एका अंगार ठेवतंस? परततंस ना? तसोच माका परत, झोपलंय तरी."

मग कूस बदलायची एकही पाळी चुकली नाही. डाग उतरला.

आज चाकाच्या खुर्चीत बसून बाबाच आढी परततात. मधेच दोन्ही हातांवर जोर देऊन अंग खुर्चीतून वर उचलतात आणि म्हणतात, "आता माजी पाळी."