बादलीवालीचे पुतळे

माझ्या थोरल्या बहिणीने बत्तीस वर्षं प्लास्टिकच्या बादल्या केल्या आणि त्रेसष्टाव्या वर्षी तिला कला सुचली. मी शाळेतून निवृत्त झालेली चित्रकलेची बाई. माझी हयात पोरांच्या वह्यांतली वाकडी फुलं तपासण्यात गेली. तेव्हा हीच ताई माझ्या विषयाला 'रिकामटेकड्यांचा उद्योग' म्हणायची. त्यामुळे ही बातमी ऐकून हसावं की रडावं कळेना. मी हसले.

कारण काही कलेचं नव्हतं. मुलाने कारखाना हातात घेतला होता. आई रोज सकाळी येऊन साच्यांच्या कडांवरून बोट फिरवते, कामगारांदेखत आपल्याला टोकते, हे त्याला सहन होईना. त्याने घरामागची जुनी शेड रंगवून घेतली, मातीची पोती आणून टाकली आणि म्हणाला, "आई, आता तू मन रमव." म्हणजे काय, तर इकडे फिरकू नकोस.

आणि ताई खरंच रमली! शिकवायला तिने एक शिल्पकार ठेवला. मानेवर रुळणारे केस, खांद्याला झोळी आणि दर वाक्याला "वा!" ताईने मातीही बादल्यांसारखीच हाणली. आठवड्याला दोन मुंडकी, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. सगळ्यांना नाक तिचं स्वतःचं. कान म्हणाल, तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना कडी अडकवायची सोय. शिल्पकार मान तिरपी करून म्हणायचा, "ताई, यात एक आदिम जोर आहे." ज्याला कान करता येत नाही त्याच्या कामात आदिम जोर असतोच.

वर्षभरात प्रदर्शन भरलं. कुठे, तर कारखान्याच्याच हॉलमध्ये. आले कोण, तर कच्चा माल पुरवणारे आणि बादल्या विकणारे. सगळे होयबा. एकेकाने तिला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की विचारू नका. सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याने आमच्या वडिलांचा पुतळा उचलला. वडील पोस्टात कारकून, बारीक चणीचे, मिशीतल्या मिशीत हसणारे. ताईने त्यांचा पार पहिलवान करून टाकला होता. मला मनातून इतका संताप आला की बोलायची सोय नाही. ताईने विचारलं, "कसा वाटला?" मी बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, "छान झालाय."

चार महिन्यांनी आम्ही दोघी माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. वाटेत त्या व्यापाऱ्याचं गोदाम. ताई म्हणाली, "दोन मिनिटं डोकावू." आत बादल्यांच्या उतरंडी, आणि त्यांच्या मागे संडासाचं दार. दार आपोआप लागू नये म्हणून त्याला वडील टेकवलेले. डोक्यावर ओला पंचा वाळत घातलेला.

व्यापारी धावत आला. "अहो ताई, ते जरा... तात्पुरतं... साफसफाई चालली होती म्हणून..."

ताईने पंचा उचलला, त्याची घडी केली आणि व्यापाऱ्याच्या हातात दिली. "दार नीट उघडं राहतं ना?"

"हो, एकदम!" तो बोलून गेला आणि जीभ चावली.

"मग राहू दे. निदान एक तरी कामाची वस्तू केली म्हणायची."

गाडीत बसल्यावर ती माझ्याकडे वळली. "त्यांचं सोड. त्यांना माझ्याशी धंदा करायचाय. तुला तर सगळं दिसत होतं. तीस वर्षं तेच तपासलंस ना? का नाही बोललीस?"

मी काय सांगणार? तिचं हसं होताना मला गंमत वाटत होती म्हणून? तिच्या पाठीमागे मी नकला करून सगळ्या नातेवाइकांना हसवलं होतं. व्यापाऱ्याने निदान पंचा तरी वाळवला. मी काय केलं? बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शिल्पकाराला नारळ मिळाला. जाताना तो म्हणाला, "कलेला समजून घ्यायला काळीज लागतं." ताई म्हणाली, "आणि कानाला काय लागतं? ते सव्वा वर्षात एकदाही सांगितलं नाहीत." मुलगा समजूत घालायला आला, "आई, एवढं मनाला काय लावून घेतेस? छंदच तर आहे." तिने त्याला शेडबाहेर काढून आतून कडी लावली.

मग माझ्या दारात येऊन उभी. "शिकव."

मी सूड उगवून घेतला. मुंडकी बंद. फक्त कान, तेही आधी कागदावर. वहीत लाल पेनाने फुल्या मारल्या, अगदी चौथीतल्या पोरासारख्या. ती मुकाट फुल्या मोजायची आणि पुन्हा काढायची. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दारात बसून बायकांचे कान निरखायची. सून वैतागून मला म्हणाली, "मावशी, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "आजवर म्हणाले तेच. फक्त आता खरं म्हणतील."

आठ महिने असेच गेले. मग एका दुपारी पॅकिंगची म्हातारी निरोप घेऊन शेडमध्ये आली. फळीवर ओल्या फडक्याखाली ताजे कान होते, ताईने ते मला दाखवायला उघडले होते. म्हातारी बोलता बोलता थांबली. एका कानाची पाळी खाली चिरलेली होती. तिने आपल्या कानाला हात लावला.

"अगं बाई, हा माझा!" ती म्हणाली. "ल्हानपणी डूल ओढला होता भावाने." आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की निरोप काय होता तेच विसरली.

ती गेल्यावर ताई माझ्याकडे बघत राहिली. कान चांगला होता. खरंच चांगला होता. इतक्या वर्षांत माझ्या हातून तसा एकही झाला नाही.

"वरची कड जाड झालीय," मी म्हणाले. झालीच होती.

"किती?"

"नखाएवढी."

तिने बोट पाण्यात बुडवलं आणि कामाला लागली.